तिला बिचारीला काय ठाऊक

बोवनने, माझ्या नवऱ्याने, नेहमीच्या जागी नेहमीचं वाक्य टाकलं, "तिला बिचारीला काय ठाऊक!", आणि समोरच्या चाळीस जणांपैकी एकही हसलं नाही. एकतीस वर्षं या वाक्याला हशा आहे. समोर अकराच म्हातारे असले आणि त्यातले चार पेंगत असले तरी हशा येतो, पेंगणारेही जागे होऊन हसतात. आज चहाच्या डब्यांची झाकणं फिरता फिरता थांबली, बिया फोडणारे दात थांबले. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, सोंगाचा आवाज उतरला असेल. म्हणून मी मान वर केली. ते सगळे माझ्याकडे बघत होते. मी जिचं सोंग करत होते त्या शेनबाईकडे बघत असते तर मला कळलं असतं. तिच्याकडे बघणाऱ्या नजरा मी इतकी वर्षं अंगावर घेतल्यात. हे माझ्याकडे बघत होते, शी मानयुनकडे, वय वर्षं चौपन्न, आणि त्यातही माझ्या डाव्या हाताकडे. पहिल्या रांगेतल्या ताओ आजींनी तर तोंडाला रुमाल लावला होता. बोवन घसा खाकरून न आलेल्या हशावरून उडी मारून पुढे गेला. तो असा कधीच उडी मारत नाही. हशा आला नाही तर तो खोदून काढतो, आणि तो निघेपर्यंत पुढे सरकत नाही.

आम्ही नवराबायको कथा सांगून पोट भरतो. टेबलाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. मुख्य सांगणारा तो, म्हणून तो वरचा हात. साथ देणारी मी, म्हणून खालचा हात. त्याच्याकडे तीनतारी, माझ्या मांडीवर उभी धरलेली चार तारांची पिपा. रोज दुपारी दीड ते साडेतीन, एक कथा पंधरा दिवस. बसल्या जागी आवाज बदलून सोंगं करायची, गायचं, आणि मधूनच सोंगातून बाहेर येऊन ऐकणाऱ्यांशी सरळ बोलायचं. आपण त्यांच्याशी बोलत असताना कथेतल्या माणसांना काही ऐकू जात नाही, असा आमच्या धंद्यातला करार आहे. सध्याची कथा शेन घराण्यातल्या धाकट्या सुनेची. तिचा नवरा रेशीम घेऊन नदीने निघाला आणि तिसऱ्याच दिवशी बुडाला. हे सासूला ठाऊक, दिराला ठाऊक, स्वयंपाकिणीला ठाऊक. सून गरोदर म्हणून तिच्यापासून लपवलेलं. ती त्याच्यासाठी कापूस भरलेला कोट शिवत बसलीय आणि पत्र पाठवत नाही म्हणून त्याच्या नावाने बोटं मोडतेय. "येऊ दे मेल्याला घरी," असं मी ठसक्यात म्हणते, आणि ज्यांना तो खरोखरच मेलाय हे ठाऊक आहे ते सगळे खुर्चीत वळवळतात. मग मी बाह्यांचं माप घ्यायला घरच्या म्हाताऱ्या गड्याला उभं करते. गडी म्हणजे बोवन. मेलेल्या मालकाच्या कोटाचं माप आपल्या अंगावर घेतलं जातंय म्हणून गडी घामाघूम होतो, आणि तिथे बोवन गड्याचा आवाज सोडून, पंखा मिटून, लोकांकडे झुकून ते वाक्य टाकतो. शेनबाईला सगळं कळतं ते पंधराव्या दिवशी. तोवर तिच्या त्या न कळण्यावर आम्ही जेवतो.

हे मला शिकवलं हौ मास्तरांनी. हौ मास्तर म्हणजे माझ्या गुरू, बाई होत्या. आमच्या सुचौ शहरात कथा सांगणारी बाई असली तरी तिला मास्तरच म्हणतात. बोवन लू मास्तर, आणि मलाही गल्लीतली भाजीवाली तोंड भरून शी मास्तर म्हणते आणि पिवळी पडलेली पात टोपलीत घालते. मी सोळा वर्षांची असताना मला वाटायचं, गोष्ट म्हणजे लपवाछपवी, शेवटी काहीतरी धप्पकन् पुढ्यात टाकायचं. हौ मास्तरांनी माझी पहिली कथा ऐकली आणि म्हणाल्या, "पलंगाखाली चोर आहे हे तू शेवटी सांगितलंस. लोक एकदा दचकले आणि घरी गेले. वेडे, आधी सांग! आधी सांग चोर आहे म्हणून, आणि मग बाईला केस विंचरू दे. तीन दिवस विंचरू दे. बघ कुणी उठतंय का." मी म्हटलं, "पण मास्तर, बाईला कधी सांगायचं?" त्या म्हणाल्या, "तिला सगळ्यात शेवटी. तिला कळलं की लोकांना तिची गरज संपते." तेव्हा मला हे फार हुशारीचं वाटलं होतं. आज पिपाच्या तारांवर बोटं ठेवून, चाळीस जोडी डोळ्यांसमोर मला पहिल्यांदा प्रश्न पडला की त्या विंचरणाऱ्या बाईच्या बाजूने कुणी कधी हा पलंग बघितला होता का.

तोंड चालत राहिलं. हा धंद्याचा गुण, डोक्यात आग लागली तरी तोंड चालतं. आत मात्र मी धावत सुटले होते. यांना काहीतरी ठाऊक आहे आणि मला नाही. काय? पहिली शंका आली ती बाईची. बोवनने कुणीतरी ठेवली असेल. लगेच हसूही आलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, स्वतःचे मोजे कुठल्या खणात आहेत हे ज्याला सांगावं लागतं, तो बाई कुठे ठेवणार? आणि बाई असती तर हे जुने कान हसले असते. जुने कान म्हणजे आमचे रोजचे ऐकणारे, तीस-चाळीस वर्षं त्याच खुर्च्यांत बसणारे. दया वगैरे त्यांना ठाऊक नाही. तार चुकली की चुकचुकतात, दोनदा चुकली की मोठ्याने बोलतात, तिसऱ्यांदा चुकली की कथा चालू असताना उठून जातात. त्याहून मोठा अपमान आमच्याकडे नाही. कालच क्वांगकाका उठून गेले होते, रेशीम गिरणीत आयुष्यभर वजनं केलेला हट्टी म्हातारा, आणि जाताना दारातून म्हणाले होते, "आज पिपा वाजवतंय कोण, मांजर?" आज तेच क्वांगकाका तिसऱ्या रांगेत हात मांडीवर ठेवून शाळेतल्यासारखे बसले होते. करंगळी पुन्हा घसरली. तार बेसूर किंचाळली. क्वांगकाकांनी मान खाली घातली. त्यांच्या त्या खाली घातलेल्या मानेची मला भीती वाटली. कालची शिवी किती बरी होती!

हात दोन महिन्यांपूर्वी बिघडला. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट. एके सकाळी नूडल्सच्या दुकानात वाटीच हातातून सुटली. मी दुकानदाराला म्हटलं, "तुझ्या वाट्या तुपकट." मोठ्या इस्पितळात गेलो. सुया टोचल्या, वीज सोडली, चालायला लावलं, जीभ बाहेर काढायला लावली. हाताचं दुखणं आणि जीभ कशाला, असं मी विचारलंही होतं. मग डॉक्टर दारात येऊन म्हणाले, "घरचं कोण आहे?" आणि बोवन आत गेला. वीस मिनिटांनी आला तेव्हा त्याची कॉलर ओली होती. तोंड धुतलं असेल. म्हणाला, "मानेत नस दबलीय. इतकी वर्षं पिपा धरून. विश्रांती घ्यायची." मी विश्वास ठेवला. डॉक्टर आधी घरच्यांना आत बोलावतात हे मला ठाऊक नाही असं थोडंच आहे! आईच्या वेळी मीच आत गेले होते. मीच बाहेर येऊन तिला म्हटलं होतं, "काही नाही, पित्त आहे. गोड तेवढं बंद." आईचा गोडावर जीव. शेवटचे पाच महिने ती बरी होण्यासाठी साखर न खाता जगली आणि गेली. मावशी, शेजारणी, कोपऱ्यावरचा मिठाईवाला, सगळ्यांना ठाऊक होतं. मिठाईवाला तिला बघून आत जायचा. हे सगळं मी स्वतःच्या हाताने केलं होतं, आणि तरी त्या ओल्या कॉलरकडे बघून मी विचारलं काय, तर "रुमाल नव्हता का?"

त्यानंतर घरात नुसती भांडणं. कारण बोवनने हळूहळू माझे तुकडे काढून घ्यायला सुरुवात केली. सुरुवातीच्या गाण्याआधीचा पिपाचा लांब तुकडा त्याने तीनतारीवर घेतला. मग दुसऱ्या दिवसाचं विरहाचं गाणं अर्धं केलं, "हल्ली लोकांना धीर नाही" म्हणून. मी उसळले. मी त्याला म्हटलं, म्हातारपणी बायकोच्या ताटातलं खायला लागलास. म्हटलं, वरचा हात झालास तो माझ्या बोटांच्या जिवावर, नाहीतर तुझा आवाज ऐकायला डासही थांबला नसता. तो ऐकून घ्यायचा, आणि त्याचं ते ऐकून घेणं मला आणखी चिडवायचं. एरवी बोवन एका टोमण्याला तीन परत करतो. महिनाभर मी त्याच्याशी फक्त टेबलावर, सोंगातून बोलले. घरी खिचडीचं भांडं आपटून ठेवायचे. परवा म्हणाला, "मानयुन, तळ्याकाठी जाऊन येऊ दोन दिवस, लोकाटाची फळं पिकलीत." मी म्हटलं, "तुझी तीनतारी घेऊन जा."

मध्यंतर झालं. एरवी बोवन चहा घेऊन आत येतो, आज तो बाहेर बागेकडे गेला. मी कपडे बदलायच्या खोलीत बसले तोच ताओ आजी आत आल्या, हातात डबा. डब्यात लोकाटं होती, सोललेली. एकेक बी काढून, धाग्याएवढं साल न ठेवता सोललेली. असं फळ आपण लहान मुलाला देतो, नाहीतर आजाऱ्याला.

"खा गं बाई," आजी म्हणाल्या, "घसा ओला होईल."

मी कथा सांगणारी आहे. कुणाकडून काय कसं काढायचं हे मला यायला हवं. मी एक फोड तोंडात टाकली, गिळली आणि शांत आवाजात म्हटलं, "आजी, आता लपवू नका. त्यांनी मला काल सांगितलं सगळं."

"सांगितलं?" आजी मटकन स्टुलावर बसल्या. "बरं झालं गं माझे बाई! माझ्या तर जिवाला घोर लागला होता. अगं, आज कथेआधी तू आत कपडे बदलत होतीस, तेव्हा लू मास्तर खाली उतरले, आमच्यासमोर कमरेत वाकले. एवढा मोठा माणूस! म्हणाले, हिची बोटं अडखळतील, तुम्ही उठून जाऊ नका. नसांचा रोग आहे, हातापासून सुरू होतो, वर चढतो, औषध नाही त्यावर. तिला ठाऊक नाही म्हणाले. तुम्ही आपले नेहमीच्या जागी हसा, म्हणजे तिला कळणार नाही. आता तूच सांग, हसू कसं येईल? त्या क्वांगने तर काल काय काय बोललो म्हणून गालात मारून घेतलं." मग त्या थांबल्या. माझ्या तोंडाकडे बघून थांबल्या. "बाई... काल सांगितलं ना त्यांनी?"

"हो, हो," मी म्हटलं. "काल."

आजी गेल्या. मी बसून राहिले. रडू आलं नाही. औषध नाही हे दोन शब्द कानात शिरून तिथेच अडकले होते, खाली उतरत नव्हते. त्याऐवजी भलतंच डोक्यात येत होतं, की चाळीस लोकांना माझ्या अंगात काय आहे ते ठाऊक आहे आणि त्यातल्या निम्म्यांची मला नावंही येत नाहीत. त्या बिया फोडणाऱ्या बाईला ठाऊक आहे. दाराशी छत्र्या सांभाळणाऱ्यालाही ठाऊक असेल. मला इतकी लाज वाटली, जणू मी तासभर उघडी बसले होते आणि सगळ्यांनी सभ्यपणाने दुसरीकडे बघितलं होतं. मग संताप आला. ह्याने मला शेनबाई केलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बायकांना केस विंचरायला बसवलं आणि शेवटी मलाच बसवलं. आणि मग, संतापाच्या मधेच, तो वाकलेला दिसला. बोवनला भाऊ नाही, मित्र नाहीत, आम्हाला मूल नाही. इतके आठवडे हे एकट्याने वागवून त्याला सांगावंसं वाटलं तर तो कुणाला सांगणार? त्याने आजवर जे काही सांगितलंय ते समोरच्या खुर्च्यांनाच. तिसरी घंटा झाली. डावा हात उजव्या हाताने उचलून मी पिपावर ठेवला तेव्हा लक्षात आलं की असं मी गेले कित्येक दिवस करते आहे.

दुसरा भाग सुरू झाला. बोवनने लाकडी ठोकळा टेबलावर वाजवला, दोन वाक्यांत मागचं सांगितलं आणि गड्याच्या कापऱ्या आवाजात शिरला. आता मी शेनबाई होऊन विचारायचं, "काय रे, पत्र आलं का?" आणि त्याने म्हणायचं, "वाटेत असेल, बाईसाहेब." मी पिपा टेबलावर आडवी ठेवली. कथा चालू असताना पिपा खाली ठेवत नाहीत. पुढच्या रांगेत कुणीतरी श्वास घेतला तो मला ऐकू आला.

"बोवन," मी म्हटलं, माझ्या घरातल्या आवाजात. "डॉक्टर नक्की काय म्हणाले?"

त्याला वाटलं असणार मी काही नवीन घालतेय. इतक्या वर्षांची सवय, तोंड चालत राहतं. "कुठले डॉक्टर, बाईसाहेब?" तो गड्याच्याच आवाजात म्हणाला. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा गडी निघून गेला, आवाजातला मात्र जाईना.

"शी मास्तर, आता नको, मग..." तो त्याच आवाजात म्हणाला.

"अरे सांग की तिला!" क्वांगकाका ओरडले. ते उभे राहिले होते. "सांग! माणूस आहे ती! आम्हाला सांगतोस, तिला सांग!"

"हात जाईल," बोवन त्या कापऱ्या, म्हाताऱ्या, उसन्या आवाजात म्हणाला. "मग पाय. दोन वर्षं म्हणाले, फार तर तीन." त्याने पंखा उघडला, मिटला. "पण त्याआधी जीभ. जिभेवर आत्ताच दिसतंय म्हणाले. बोलणं... बोलणं वर्षभरात."

समोरून जो आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता, चाळीस माणसांनी एकदम आत ओढलेला श्वास. ताओ आजींचा डबा खाली पडला. जिभेचं त्यांना ठाऊक नव्हतं. बोवनने त्यांनाही तेवढं सांगितलं नव्हतं. ही एक गोष्ट त्यांना आणि मला एकाच वेळी कळली, आणि आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. कुणाच्याही नजरेत दया नव्हती. त्यांना तेवढी फुरसतच मिळाली नव्हती. ते माझ्यासारखेच घाबरले होते.

जीभ. मी ती दातांवरून फिरवून बघितली. होती.

"ठोकळा इकडे दे," मी म्हटलं. त्याने दिला. मी उजव्या हाताने तो वाजवला, आणि खालच्या हाताने कधी करायचं नसतं ते केलं, कथा पुढे नेली. मी गडी झाले. माझा गडी बोवनच्या गड्याइतका कापरा नव्हता. "बाईसाहेब," मी म्हटलं, "कोट राहू द्या. मालक गेले. निघाले त्याच्या तिसऱ्याच दिवशी नदीत गेले. थोरल्या बाईसाहेबांना ठाऊक आहे, दादासाहेबांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. तुमच्या काळजीपोटी कुणी बोललं नाही."

आता शेनबाईने बोलायचं होतं. पंधराव्या दिवशी ती हंबरडा फोडते, मग एक मोठं गाणं आहे, तीनशे ओळींचं, पिपावर. ते माझ्या बोटांना आता येणार नव्हतं. मी बोवनकडे वळले. त्याने झग्याची बाही डोळ्यांवर धरली होती, आणि माझ्या तोंडून शेनबाई असं काही बोलली जे हौ मास्तरांनी मला शिकवलं नव्हतं आणि जे कथेत कुठेच नव्हतं.

"मला आधी सांगायचं होतंत रे," ती म्हणाली. "मी त्यांच्याशी महिनाभर भांडले."